बॅकअप सर्व्हर त्याच होस्टवर व्हीएम म्हणून ठेवावा का?

कुळागर (फोंडा)
नमस्कार. फोंड्यातील एका वितरण व्यवसायाचा सर्व्हर गेल्या वर्षापासून मी सांभाळतो. मांडणी माझ्या आधीच्या गृहस्थांनी केलेली आहे. एकाच होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रावर, प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) असून त्यावर टॅलीची विंडोज व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र), बिलिंगची लिनक्स व्हीएम (आत पोस्टग्रेस हा डेटाबेस), फाइल सर्व्हर, डीएनएस (यंत्रांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणारी सेवा) आणि पासवर्ड व्यवस्थापकाची एक छोटी व्हीएम चालते. सहावी व्हीएम म्हणजे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, आणि त्याचा डेटास्टोअर (प्रती ठेवण्याची जागा) त्याच रॅकमधल्या एनएएसवर (नेटवर्कवरून वापरायची साठवण-पेटी) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याच्या पद्धतीने, जोडलेला आहे. रोज रात्री बॅकअप होतो, सकाळी प्रत्येक ओळीसमोर हिरवी खूण दिसते, आणि कोणाची एखादी फाइल उडाली तर ती लगेच काढून देता येते. त्यामुळे आजवर तक्रारीला जागा नव्हती.

आता मालकांनी विचारले आहे की होस्टच बंद पडला तर बिले पुन्हा किती वेळात निघू लागतील. उत्तर कागदावर मांडायला बसलो तेव्हा दिसले की बॅकअप परत आणून देणारा सर्व्हरही त्याच होस्टबरोबर गेलेला असेल. वेगळे यंत्र घ्यावे असे वाटते, पण त्या खर्चाचे समर्थन करावे लागेल. ही अडचण प्रत्यक्षात किती मोठी आहे?

रापण (वास्को)
आपण किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतले आहे. बाकी मांडणी उत्तम.

दीपमाळ (पणजी)
रापणबाबांचा विनोद मान्य करूनही मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. बॅकअप सर्व्हर व्हीएममध्ये असणे हे आदर्श नाही, परंतु तो प्राणघातक दोषही नाही. त्या व्हीएमच्या पोटात जपण्यासारखे फार थोडे असते: डेटास्टोअर कोठे आहे त्याची नोंद, वापरकर्ते, जुन्या प्रती केव्हा काढायच्या त्याचे वेळापत्रक आणि सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र. खरा माल एनएएसवर आहे. कोणत्याही रिकाम्या संगणकावर बॅकअप सर्व्हर नव्याने बसवला, तोच एनएएस जोडला आणि डेटास्टोअरची नोंद केली की जुन्या सगळ्या प्रती समोर येतात. प्रमाणपत्र नवे असल्यामुळे होस्टच्या बाजूला त्याचा ठसा बदलावा लागतो, एवढेच.

माझी चिंता दुसरीकडे आहे. आपण बॅकअप कूटबद्ध (एनक्रिप्ट) करता का? करत असाल, तर ती किल्ली बॅकअप सर्व्हरवर नसते. ती प्रॉक्समॉक्सच्या होस्टवर, साठवणुकीच्या खासगी फोल्डरमध्ये असते. होस्ट गेला की किल्लीही गेली, आणि किल्लीविना त्या प्रती कोणालाही, अगदी बनवणाऱ्या कंपनीलाही, उघडता येत नाहीत. किल्लीची दुसरी प्रत कोठे आहे?

कुळागर (फोंडा)
दीपमाळ, आत्ताच तपासले. कूटबद्धीकरण चालू आहे. किल्लीची एक प्रत आहे, आणि ती पासवर्ड व्यवस्थापकाच्या व्हीएममध्ये आहे. त्या व्हीएमचा बॅकअपही याच किल्लीने कूटबद्ध होतो.

रापण (वास्को)
म्हणजे दारही ओढून घेतले आहे आणि दुसरी किल्ली आतल्या कपाटात आहे.

दीपमाळ (पणजी)
हे आजच दुरुस्त करा, बाकीची चर्चा सावकाश होईल. बॅकअपच्या क्लायंटमध्ये किल्ली कागदावर छापण्याची सोय आहे. मजकुरासोबत क्यूआर कोडही निघतो. तो कागद दोन ठिकाणी ठेवा, एक मालकांच्या तिजोरीत आणि एक इमारतीबाहेर. आपल्याकडच्या पावसाळ्यात साध्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा लेझर प्रिंटरवर छापून लॅमिनेट करून घ्यावा. इंकजेटची शाई दमट हवेत पसरली तर क्यूआर वाचला जात नाही.

अळंबी (म्हापसा)
मला या सगळ्याचीच गरज वाटत नाही. सहा व्हीएम असलेल्या कार्यालयात वेगळा बॅकअप सर्व्हर कशाला? प्रॉक्समॉक्समध्ये मुळापासून असलेला व्हीझेडडम्प एका व्हीएमची एक संपीडित फाइल बनवतो आणि त्या फाइलीतच व्हीएमची मांडणीही असते: किती मेमरी, कोणत्या डिस्क, कोणते नेटवर्क कार्ड. ती फाइल कोणत्याही नव्या प्रॉक्समॉक्सवर नेऊन ठेवली की एका आज्ञेत व्हीएम उभी राहते. तिला ना दुसरा सर्व्हर लागतो, ना प्रमाणपत्र, ना डेटास्टोअर. अनोळखी माणसालाही फोनवरून सांगून हे करून घेता येते, आणि अडचणीच्या वेळी नेमका अनोळखी माणूसच समोर असतो.

दीपमाळ (पणजी)
अळंबी, आपल्या म्हणण्यात वजन आहे, परंतु त्याची किंमतही सांगायला हवी. व्हीझेडडम्पची प्रत्येक फाइल म्हणजे पूर्ण व्हीएम. पाचशे जीबीच्या फाइल सर्व्हरच्या चौदा रात्रींच्या प्रती ठेवायच्या तर एनएएस आठवड्याभरात भरतो. बॅकअप सर्व्हर डिस्कचे ४ एमआयबीचे (सुमारे ४ एमबी) तुकडे करतो, प्रत्येकाची एसएचए-२५६ ओळख (मजकुरावरून काढलेला ठसा) काढतो आणि आधी असलेला तुकडा पुन्हा ठेवत नाही. त्यामुळे महिनाभराच्या प्रती एका पूर्ण प्रतीहून थोड्याच अधिक जागेत मावतात. शिवाय ठेवलेला तुकडा खराब झाला का हे पडताळणीत कळते. व्हीझेडडम्पची फाइल कुजली असेल तर ते रिस्टोअरच्या दिवशी कळते.

मात्र एनएफएसवरचा डेटास्टोअर मला पसंत नाही. त्यात ६५,५३६ फोल्डर असतात आणि एक टीआयबी (एक टीबीहून थोडी अधिक) माहितीचे सुमारे २,६२,००० तुकडे त्यांत विखुरलेले असतात. पडताळणी आणि सफाई (निकामी तुकडे काढणे) यांत त्या प्रत्येकाला हात लावावा लागतो, आणि ते काम नेटवर्कवरून फिरत्या डिस्कवर केले तर फार हळू चालते. सफाई फाइलीच्या शेवटच्या वापराच्या वेळेवर अवलंबून असते. एनएएस ती वेळ नीट नोंदवत नसेल तर हव्या असलेल्या तुकड्यांवरही गदा येऊ शकते.

खाजन (डिचोली)
थोडे विषयांतर होईल, पण मांडणी तीच असल्यामुळे येथेच विचारतो. एरवी माझ्याकडे टॅलीच्या व्हीएमचा बॅकअप काही मिनिटांत आटोपतो. जून उजाडला, वीज जाऊ लागली आणि यूपीएस संपून होस्ट बंद पडला की त्यानंतरच्या रात्री तोच बॅकअप तासन्‌तास चालतो. डिस्कमध्ये काही बिघाड आहे का?

दीपमाळ (पणजी)
बिघाड नाही. व्हीएम चालू असताना कोणते भाग बदलले याची नोंद क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा कार्यक्रम) स्वतःच्या स्मृतीत ठेवतो, आणि बॅकअप तेवढेच भाग वाचतो. व्हीएम पूर्ण बंद झाली की ती नोंद पुसली जाते. मग पुढच्या खेपेस संपूर्ण डिस्क वाचून कोणते तुकडे नवे आहेत ते पुन्हा ठरवावे लागते. पाठवले जातात ते बदललेलेच तुकडे, परंतु वाचावे सगळे लागते. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केल्याने ही नोंद जात नाही, व्हीएम बंद करून चालू केल्याने जाते. आपल्याकडे पावसाळाभर बॅकअपची वेळ लांबलेली दिसते ती यामुळे, आणि वेळापत्रक आखताना हिवाळ्यातली वेळ धरून चालत नाही.

खाजन (डिचोली)
आभारी आहे. आणखी एक. त्या लांबलेल्या बॅकअपच्या काळात बिलिंगची व्हीएम अडखळते. सकाळी लवकर येणारी माणसे ओरडतात.

दीपमाळ (पणजी)
व्हीएमने ज्या भागाचा बॅकअप अजून व्हायचा आहे तेथे नवीन काही लिहायचे ठरवले, तर आधी जुना भाग बॅकअपकडे पोहोचवावा लागतो आणि तोवर ते लिखाण थांबते. बॅकअप घेणारी बाजू मंद असेल तर व्हीएमही मंद होते. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, यावर फ्लीसिंगची सोय आहे: जुना भाग आधी होस्टच्याच वेगवान डिस्कवर बाजूला ठेवला जातो आणि मागाहून सवडीने बॅकअपकडे जातो. होस्टवर एसएसडीची थोडी मोकळी जागा असेल तर ती चालू करा.

शंखनाद (पेडणे)
मी या क्षेत्रात नवीन आहे. प्रत्येक व्हीएमचा रोज एक स्नॅपशॉट (त्या क्षणीची स्थिती) ठेवला तर बॅकअपची एवढी यातायात वाचणार नाही का?

अळंबी (म्हापसा)
स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. अद्यतन करण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्या, सगळे ठीक चालले की काढून टाका. अशीच प्रणाली बनवणारी व्हीएमवेअरही स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ ठेवू नका असेच सांगते.

हिशेबनीस (मडगाव)
येथे बहुतेक मंडळी तंत्राची आहेत, म्हणून लेखापालाच्या बाजूने दोन गोष्टी. कंपनी असेल आणि पुस्तके संगणकावर ठेवली जात असतील, तर कंपनी (लेखा) नियम, २०१४ मधील नियम ३ नुसार त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो दररोज ठेवावा लागतो. पूर्वी तेथे ठरावीक काळाने एवढाच शब्द होता. त्यामुळे बॅकअप आठवड्यातून एकदा बाहेर नेणाऱ्यांनी रोजची प्रत कोठे आहे याचे उत्तर तयार ठेवावे.

दुसरे असे की जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीची पुस्तके आठ वर्षे जपायची असतात. यासाठी आठ वर्षांपूर्वीची अख्खी व्हीएम जपून ठेवणारे मी पाहिले आहेत. ती उघडायला त्या काळचा परवाना, त्या काळचा पासवर्ड आणि तो माहीत असलेला माणूस लागतो. दीर्घ मुदतीसाठी वर्षअखेरीचा टॅलीचा स्वतःचा बॅकअप आणि छापील अहवालांच्या पीडीएफ वेगळ्या ठेवाव्यात.

आणि एक विनंती. रात्री टॅलीत कंपनी उघडी ठेवून घरी जाऊ नका असे सर्वांना सांगा. बाहेरून घेतलेल्या व्हीएमच्या प्रतीत ती फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडू शकते.

दीपमाळ (पणजी)
हिशेबनीसांची शेवटची सूचना फार महत्त्वाची आहे. गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतला मदतनीस कार्यक्रम) बसवलेला असेल तर बॅकअपच्या क्षणी विंडोजची फाइलप्रणाली क्षणभर गोठवली जाते, परंतु एखादा कार्यक्रम स्वतःच्या स्मृतीत काय धरून बसला आहे हे तिला ठाऊक नसते. पोस्टग्रेस या बाबतीत शहाणा आहे. वीज गेल्यानंतर जसा तो आपल्या नोंदवहीवरून सावरतो तसाच अशा प्रतीवरूनही सावरतो. तरीही मी त्याचा वेगळा डम्प (फक्त डेटाबेसची प्रत) रोज घेतो, कारण एखादी सारणी चुकून पुसली गेली तर अख्खी व्हीएम मागे न्यावी लागू नये.

रापण (वास्को)
डम्प घेतो म्हणणाऱ्यांनी तो शून्य बाइटचा तर नाही ना, हेही पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची माहिती पुसली. डम्पचे साधन जुन्या आवृत्तीचे होते म्हणून डम्प होतच नव्हते, आणि ते होत नसल्याचे सांगणारी ईपत्रे नाकारली जात होती. शेवटी सुमारे सहा तास आधी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर निभावले. हे सगळे त्यांनी स्वतः उघडपणे लिहिले, हे त्यांच्या बाजूचे.

अळंबी (म्हापसा)
आता इमारतीबाहेरच्या प्रतीविषयी कोणी बोलेल का? मे २०२१ च्या तौक्ते वादळात काही भागांत वीज दीर्घकाळ नव्हती. एनएएस आणि होस्ट एकाच रॅकमध्ये, एकाच अर्थिंगवर असतील तर एका विजेच्या लोळात दोन्ही जातील. बॅकअप सर्व्हर व्हीएम आहे की वेगळा आहे हा प्रश्न मग उरतच नाही.

जुनाजाणता (पणजी)
अळंबींशी पूर्ण सहमत. मूळ प्रश्न खर्चाचा आहे, म्हणून आकडे मांडतो. समजा सर्व व्हीएम मिळून दोन टीबी आहेत. एक गिगाबिटच्या स्थानिक जाळ्यावरून त्या परत आणायला, सगळे निर्वेध चालले तरी, साडेचार तासांच्या आसपास लागतील. व्यवहारात सहा धरा. हीच माहिती १०० एमबीपीएसच्या इंटरनेट जोडणीवरून खाली उतरवायची तर ४४ तास लागतील. म्हणून ढगात ठेवलेली प्रत ही आगीच्या दिवसासाठी असते, सोमवारच्या सकाळसाठी नसते. चार टीबीची डिस्क पिशवीत घालून कदंबाच्या बसने फोंड्याहून पणजीला नेली तर ती दुपारच्या जेवणापूर्वी पोहोचते. त्या जोडणीवर तेवढ्याच माहितीला साडेतीन दिवसांहून अधिक लागतील.

बॅकअप सर्व्हरच्या ३.३ आवृत्तीपासून काढता-घालता येणाऱ्या डिस्कवरही डेटास्टोअर ठेवता येतो. डिस्क जोडली की नव्या प्रती तिच्यावर उतरवण्याचे काम आपोआप सुरू करता येते. अशा दोन डिस्क आलटून-पालटून वापराव्यात, म्हणजे एक नेहमी इमारतीबाहेर आणि वीजजोडणीपासून दूर राहील. मात्र बाहेर न्यायची डिस्क कूटबद्धच असावी, आणि दीपमाळांचा कागद त्याच पिशवीत नसावा.

शंखनाद (पेडणे)
ती डिस्क बसमध्ये विसरली तर?

जुनाजाणता (पणजी)
म्हणूनच कूटबद्ध.

दीपमाळ (पणजी)
खंडणीखोर सॉफ्टवेअरचा मुद्दाही येथेच येतो. एनएएस होस्टला थेट लिहिण्याच्या परवानगीने जोडलेला असेल तर होस्टमध्ये शिरलेला माणूस बॅकअपही पुसू शकतो. अळंबींच्या व्हीझेडडम्पच्या फाइलींना हा धोका अधिक आहे. बॅकअप सर्व्हरवर होस्टसाठी असा वापरकर्ता करता येतो की ज्याला प्रत ठेवता येते आणि आपली प्रत परत घेता येते, पण काढून टाकता येत नाही. जुन्या प्रती काढण्याचे काम बॅकअप सर्व्हर स्वतः करतो. पण बॅकअप सर्व्हर त्याच होस्टवर व्हीएम म्हणून असेल, तर होस्टचा ताबा मिळवणाऱ्याला त्याची डिस्क बाहेरून उघडता येते आणि या परवानग्यांना काही अर्थ उरत नाही. कुळागर, मालकांपुढे मांडायला हे कारण आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल.

कुळागर (फोंडा)
सर्वांचे मनापासून आभार. किल्लीचे कागद छापून दोन ठिकाणी ठेवले आहेत. मालकांना जुनाजाणतांचे आकडे आणि दीपमाळांचा शेवटचा मुद्दा दाखवला आणि त्यांनी मान्यता दिली. कार्यालयात एक जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यात दोन नव्या डिस्क आरशासारख्या (दोन्हींवर तीच माहिती) जोडून बॅकअप सर्व्हर त्यावर हलवतो. तो रॅकमध्ये न ठेवता वरच्या मजल्यावर, वेगळ्या यूपीएसवर ठेवणार आहे. बदली होस्ट नाही, त्यामुळे वेळ पडली तर त्याच डेस्कटॉपवर निदान बिलिंग आणि डीएनएस चालतील का, हेही पाहायचे आहे. रिस्टोअरचा सराव चालू व्यवस्थेला धक्का न लावता कसा करावा?

जुनाजाणता (पणजी)
होस्टवर एक नवा नेटवर्क ब्रिज (आभासी स्विच) करा आणि त्याला कोणतेही प्रत्यक्ष पोर्ट जोडू नका. व्हीएम वेगळ्या क्रमांकाने परत आणा, नेटवर्क कार्डाचा पत्ता नवा करण्याची खूण करा, आणि पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी कार्ड त्या रिकाम्या ब्रिजला लावा. नाहीतर एकाच आयपीच्या दोन व्हीएम जागी होतील आणि सकाळची बिले दोन ठिकाणी विभागली जातील.

व्हीएम सुरू झाली यावर थांबू नका. टॅली उघडून आदल्या दिवशीचे शेवटचे व्हाउचर दिसते का, बिलिंगमध्ये कालचा शेवटचा क्रमांक कोणता, हे त्या विभागातल्या माणसाला बसवून पाहा. टॅलीचा आणि विंडोजचा परवाना दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो, म्हणून त्यांचे तपशील किल्लीच्या कागदासोबत ठेवा. जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर मागच्या पिढीचा असेल तर व्हीएमचा प्रोसेसर-प्रकार खाली आणावा लागेल, अन्यथा ती सुरूच होणार नाही. क्रमही लिहून ठेवा: आधी डीएनएस, मग बिलिंग, मग टॅली, आणि फाइल सर्व्हर सर्वांत शेवटी, कारण तो मोठा आहे आणि त्याच्याविना दिवस निभतो.

अळंबी (म्हापसा)
कुळागर, डीएनएस आणि पासवर्डची व्हीएम या दोन छोट्या आहेत. निदान त्यांची तरी साधी व्हीझेडडम्प फाइल आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर ठेवा. माझे एवढे ऐका.

दीपमाळ (पणजी)
या बाबतीत अळंबींना माझा पाठिंबा आहे. होस्टची स्वतःची मांडणी, म्हणजे नेटवर्क, साठवणुकीच्या नोंदी आणि वेळापत्रके, कोणत्याही व्हीएमच्या बॅकअपमध्ये येत नाही. ती फोल्डरेही त्याच डिस्कवर उतरवून ठेवा.

आणि स्थलांतराविषयी एक सावधगिरी. एनएएसवरचा जुना डेटास्टोअर नव्या सर्व्हरला जोडताना नव्या आवृत्त्यांत तो आहे तसा पुन्हा वापरण्याचा पर्याय असतो, तो निवडा. पण त्याआधी जुनी व्हीएम बंद करा आणि होस्टसोबत ती आपोआप सुरू होण्याची खूण काढा. एकच डेटास्टोअर दोन सर्व्हरच्या हाती राहिला आणि रात्री दोघांनीही सफाई सुरू केली, तर एकाने नुकताच ठेवलेला तुकडा दुसऱ्याच्या हिशेबी निकामी ठरू शकतो. माहिती एनएएसवरून नव्या डिस्कवर सिंकने (प्रतींची नक्कल करून) आणून पडताळणी पूर्ण झाली की एनएएस काही आठवडे फक्त वाचण्यापुरता ठेवा, आणि मगच रिकामा करा.